प्रज्वल कोणाकडे चालला

जानेफळ
११ नोव्हेंबर २०२५

चि. समतास,
आजी पंचफुलाचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. लिहून राह्यली तुझी माय, बोल माझे. फोनवरचं मले ऐकू येत नाही, म्हणून कागदाचा फोटो धाडतो.

रविवारी बुलढाण्यात बॉक्सिंगच्या लढतीत तू पंच होती अन् आपल्या शेजारच्या भागवतच्या प्रज्वलची लढत मधातच थांबवली, म्हणे. भागवत गावभर सांगत फिरते, पोरगं पडलं पण पंचानं आठ मोजायच्या आत उठलं, मी ठीक आहो म्हणलं, तरी या पोरीनं हरवलं. तू लहानपणी हरली की सोंगट्या उधळायची, हे मी त्याले सांगतलं नाही, उपकार मान. पण काऊन थांबवली? आता शुक्रवारी तो पोराले अकोल्याच्या खासगी लढतीले नेऊन राह्यला. तिथं डॉक्टरचा कागद कोणी पाहत नाही म्हणे. पोरगं आज ओट्यावर डोळे मिटून बसलं होतं. मले ते बरं दिसलं नाही.
माया आटू देऊ नको.
तुझी आजी

बुलढाणा
११ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
समताचा सविनय जयभीम. पडलेला लगेच उठला तरी आम्ही आठ मोजतोच. तेवढ्यात त्याचे डोळे, पाय पाहायचे. मग खेळतोस का विचारायचं, चालत ये म्हणायचं. खेळतो तर सगळेच म्हणतात. प्रज्वलला मी ये म्हटलं, तेवढ्यात भागवतकाका बाहेरून ओरडले आणि तो वळून त्यांच्याकडे निघाला. भान गेलं होतं की बापाचं ऐकायची सवय, मला कळेना. कळेना म्हणूनच थांबवली. डॉक्टरांनी महिनाभर लढायला बंदी केली आहे. त्याआधी डोक्याला पुन्हा मार बसला तर काय होईल, लिहवत नाही. काका माझा फोन उचलत नाहीत. तू जा. आज वार कोणता, एवढं जरी विचारलंस तरी कळेल. चुकला तर लगेच दवाखाना.
तुझ्या मायेची भुकेली,
समता

जानेफळ
१२ नोव्हेंबर २०२५

चि. समतास,
आजीचा जयभीम. पत्र ऐकलं अन् तशीच गेली. माझ्यासमोर तुले शिव्या देता येईनात, म्हणून भागवतनं चहा गरम आहे म्हणून बशीलेच दिल्या. वार मलेच ठाऊक नव्हता, म्हणून भागवतले म्हणलं, तूच पंच हो, तूच विचार. पोरगं बापाच्या तोंडाकडे पाहून राह्यलं. मग भागवतले भिंतीकडे तोंड करून बसवलं अन् पुन्हा विचारायले लावलं. प्रज्वल म्हणे रविवार, आज लढत आहे, बॅग भरली का.

भागवतनं भिंतीकडेच तोंड ठेवून पुन्हा विचारलं, हळू. पुन्हा रविवारच. मग तो चप्पल न घालताच जीप शोधाले धावला.

पोरगं मेहकरच्या दवाखान्यात आहे. आत सूज आहे, पण औषधानं उतरंल, वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणे. भागवतनं तोंड वाकडं करून तुले निरोप धाडला: पंचानं आधी ओरडणाऱ्या बापाले बाहेर काढत जावं.
अशीच जीव लावत राह्य.
तुझी आजी पंचफुला