ओरोचीचं आठवं डोकं

प्रिय तादाशी,

पेपरातला तुझा फोटो पाहिला. उसुईकाकांनी मुद्दाम कात्रण आणून दिलं. आपल्या आठ डोक्यांच्या ओरोची सर्पाच्या एका डोक्याचा मुखवटा छातीशी धरून तू उभा आहेस, आणि खाली छापलंय, ‘मुखवटेकारांच्या तिसऱ्या पिढीचा वारस’. कोट छान दिसतोय. मुखवटा उलटा धरला नाहीस, एवढंच नशीब.

बाबा गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकून तू दुपारच्या गाडीने ओसाकाला गेलास. जाता जाता नगरपालिकेत डोकावून हे सगळं ठरवलंस, आणि घरात मला चकार शब्द नाही. काल तिथल्या मुलीचा फोन आला. “मित्सुएताई, तुमचे भाऊ बाबांचे साचे प्रदर्शनाला देतायत ना? नीट गुंडाळून ठेवा हं, फुटायला नकोत!” मी इतकी हसले की ती बिचारी घाबरली. तादाशी, मातीच्या चेहऱ्यावर कागद चिकटवायचा, तो वाळला की आतली माती हातोडीने फोडून काढायची, आणि तीच पुन्हा मळायची. आपल्याकडे साचा उरतच नाही, हे शेजारच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वारसाला तेवढं माहीत नाही.

लहानपणी माती मी तुडवायची, कागद मी फाडायची. तुला बाबा नाचाच्या तालमीला न्यायचे. पुढे दर शरदात उत्सवातल्या नाचासाठी तू ओसाकाहून यायचास, वादळाच्या देवाचा भरजरी पोशाख चढवून ओरोचीला दारू पाजायचास आणि आठही डोकी छाटायचास. मी वर्षभर खपायचे आणि तू तासाभरात मोकळा व्हायचास. गाव टाळ्या पिटायचं. मीही पिटल्या. नाचायचास सुरेख, खोटं कशाला बोलू?

आता ऐक. नऊ वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, त्यानंतर त्यांची उजवी मूठ कधी वळलीच नाही. तुला आम्ही सांगितलं, जरा अशक्तपणा आहे. तेव्हापासूनचं प्रत्येक डोकं माझं आहे. फोटोतलंही. घडवलं मी, कागद चढवला मी, डोळे रंगवले मी, आणि आतल्या बाजूला बाबांचं नाव त्यांच्याच वळणाने लिहिलं तेही मीच. ते शेजारी बसून म्हणायचे, “जबडा अजून उघड गं. आणि बाहेर बोलू नकोस. तादाशी आला की त्याचं तो बघेल.” मी नऊ वर्षं तोंड शिवून बसले. शेवटच्या आठवड्यात त्यांना पेज भरवत होते मी, आणि ते विचारत होते, तादाशीची गाडी किती वाजता येते. ते मला फार लागलं. अजून लागतंय.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. तुझ्याशी भांडायची हौस मला उरली नाही. उद्या सकाळी मी मासुदाला जातेय. तिथल्या मुखवटेवाल्या बाईंनी मला कामाला बोलावलंय, आणि तिथे आतल्या बाजूला मी ‘मित्सुए’ लिहिणार आहे. घराची किल्ली उसुईकाकांकडे ठेवलीय. उत्सवाला पाच आठवडे आहेत. सात डोकी तयार आहेत, आठवं राहिलंय. माती भिजवून ठेवलीय, तादाशी. बस आणि कर.

अजूनही तुझीच ताई,
मित्सुए