म्यूटची पिन

आबा, गिरगावच्या दुकानात सीडी प्लेअर दुरुस्त करायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते, तेव्हाची एक संध्याकाळ तुम्हाला लिहायची आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. गिरणीचा संप फिसकटला, आईने जेवणाचे डबे सुरू केले, आणि घरचा स्वयंपाक हळूहळू तुमच्या हातात आला. त्या संध्याकाळी तुम्ही मोरीपाशी मांदेली साफ करत बसला आहात आणि मी दारात चपला काढता काढताच फुशारकी मारते आहे. खोताच्या वाडीतल्या एका बाईंचा प्लेअर गाणं चालू असताना मध्येच गप्प व्हायचा. दुकानातल्या दोन्ही जुन्या कारागिरांनी हात टेकले होते. मी काय केलं, आतल्या चिपची म्यूटची पिन, म्हणजे आवाज बंद करायचा हुकूम जिथून बाहेर पडतो तो बारीकसा पाय, सोल्डर काढून उचलून ठेवली. प्लेअर सलग वाजायला लागला. मालक खूश होते आणि बाई दुसऱ्या दिवशी तो न्यायला येणार होत्या.

तुम्ही मान वरही केली नाहीत. "पण चेडवा, ता गप कित्याक बसता, ता बघलंस?"

मला असा राग आला! चौथी शिकलेला माणूस डिप्लोमा झालेल्या मुलीला विचारतो म्हणजे काय? "तुम्हाला त्यातलं काय कळतं, आबा?" मी बोलून गेले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाय कळना, म्हणान इचारतंय. समजाव माका."

मग मी समजावायला बसले. तबकडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. ओरखडा पडला किंवा लेन्सवर धूळ बसली की काही आकडे वाचताच येत नाहीत. चिप प्रत्येक आकडा तपासते आणि सोबत दिलेल्या जास्तीच्या आकड्यांवरून हरवलेला आकडा शोधून काढते. तेही जमलं नाही तर ती त्या आकड्याबरोबर एक खूण पाठवते, की ह्याच्यावर विसंबू नका. मग मागचा-पुढचा आकडा बघून मधली जागा भरली जाते आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चुका भरून काढण्यापलीकडे गेल्या तरच म्यूटचा हुकूम सुटतो. एका सेकंदात हे हजारो वेळा चालतं, आणि तेही नखाएवढ्या जागेत. बोलता बोलता माझा आवाज हळू झालेला माझा मलाच ऐकू आला. आज मी अशाच चिपा तपासण्याचं काम करते, रोज त्यांना मुद्दाम खराब आकडे भरवते, आणि अजूनही ती चूक दाखवणारी खूण वेळेवर उठलेली दिसली की माझ्या अंगावर काटा येतो. कोणीतरी बसून इतका विचार केला होता, की आपलं यंत्र चुकणार आहे, तेव्हा त्याने कसं वागावं.

तुमच्या हातातलं मांदेलं तसंच राहिलं होतं. "म्हणजे पत्तीच गो ही," तुम्ही म्हणालात. गिरणीच्या साळखात्यात, कापड विणायच्या तुमच्या साच्यावर, प्रत्येक उभ्या धाग्याला पोलादाची पातळ पत्ती टांगलेली असे. धागा तुटला की पत्ती पडे आणि साचा आपोआप थांबे. साचा सारखा थांबला की माल कमी निघे, म्हणून काही जण त्या पत्त्यांखाली चिंधी कोंबत. तुम्हीही एकदा कोंबली होतीत. वारभर लांबीची नाही, कापडाच्या अख्ख्या ठाणाला उभी रेघ पडली. आळ आला दुसऱ्या पाळीच्या जोडीदारावर आणि त्याला घरी बसवलं. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली, तो गावी गेला तो कायमचाच. मी तुमचा चेहरा इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता, संपाच्या दिवसांतही नाही. "उद्या जा. पिन होती तशी लाव," तुम्ही म्हणालात, "आणि मालकाक तोंडार सांग, माझी चूक झाली म्हणान."

मला रात्रभर नोकरीची धाकधूक होती. घर आईच्या डब्यांवर आणि माझ्या पगारावर चाललं होतं. सकाळी प्लेअर उघडला, पिन परत बसवली, लेन्स पुसली. धुळीचा पापुद्राच निघाला. चिपचं काहीच चुकलं नव्हतं. ती बिचारी तिला ठाऊक नसलेलं वाजवायला नकार देत होती. बाई येऊन प्लेअर घेऊन गेल्या.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं, की मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर शाबासकी दिली. तुम्ही हात धुतलेत आणि थेट गॅलरीत गेलात. "चूक कबूल केल्यान माझ्या चेडवान!" तुमचा तो आवाज चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत गेला असेल. पुढे आल्यागेल्या प्रत्येकाला तुम्ही हेच सांगितलंत, शेवटच्या आजारपणात भेटायला आलेल्यांनासुद्धा.

आबा, शटरची एक किल्ली माझ्याकडे असायची. मालक दहाला यायचे, त्या सकाळी मी आठलाच गेले होते. ते आले तेव्हा प्लेअरचं झाकण लावून झालं होतं, आणि मी त्यांना काहीच सांगितलं नाही. तुम्ही गॅलरीत बोलत होतात तेव्हा मी आत तुमचं ताट वाढत होते.