तुळईतल्या कड्या

जालना, बुधवार, जुलै १९३१

डोकं अजून तापलेलंच आहे. पाद्री घडवणाऱ्या आमच्या सेमिनरीच्या नव्या वर्गात तुळईला पाळण्याच्या कड्या हव्यात, एवढंच मी बैठकीत म्हटलं, तर सगळे हसले. स्वप्न बघायचं सेमिनरीचं विद्यापीठ करायचं, आणि विद्यार्थ्यांच्या बायकांना फक्त शिवण शिकवायचं? पाद्रीसाहेब म्हणाले, "बाई, शाळेतून निवृत्त झालात, आता आराम करा."

मी विचारलं, "मस्तगड मोहल्ल्यातल्या पडद्याच्या घरांत तुमचा कोणता पदवीधर शिरणार? तिथं बायकाच जातील. मग पवित्र शास्त्र त्यांना शिकवायला नको? आणि शिकताना त्यांची लेकरं कुठं निजणार?"

जास्त बोलले का? बोलले असेन. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मौन शिकवलं होतं, ते काही माझ्या अंगी बाणलं नाही.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली पाद्रीसाहेबांची बायको मार्था म्हणाली, "बाई बराबर बोलून राह्यल्या. वर्गात पहिली मीच बसते." कडेवर तान्हं होतंच.

मग कोणी हसलं नाही. निघताना पाद्रीसाहेबच मिस्त्रीला म्हणाले, "कड्या बाई सांगतील तिथं बसवा."

पहिल्या बाकाच्या वर, मी सांगितलं. मागच्या भिंतीशी बिलकुल नको.