सुनेच्या बादलीतल्या तिसऱ्या

तीर्थस्वरूप शांताताईस,

धाकट्या गुणवंतीचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस की देवापाशी ठेवून दिलंस? पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं सगळं आधी तुझी सून वाचते. हा विषय सुनांच्या कानावर जाण्यासारखा नाही.

आमची चैत्राली युनिव्हर्सिटीत शिकवते हे तुला ठाऊक आहे. पण तिचं संशोधन कशावर, हे मलाही परवापर्यंत नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक प्राध्यापकाचे संशोधनाचे विषय लिहिलेले असतात, ते आमच्या पोरानं, निमेशनं, मला मराठीत करून वाचून दाखवले. एकाचा विषय उन्हावर वीज करणाऱ्या काचा, दुसऱ्याचा विमानाचा पत्रा, आणि आमच्या सुनेचा शिंपल्या, माशांचे खवले आणि खेकड्याचं कवच. म्हणजे लोअर परळच्या बाजारातून उठताना मी जे गोळा करून कचऱ्यात टाकते, ते. पोराच्या बायकोला एवढं शिकवून शेवटी आमच्याच कचऱ्यात आणून सोडलं, असं मला वाटलं. ती म्हणते, शिंपली म्हणजे जवळजवळ सगळी चुनखडीच, पण चुनखडी पडली की फुटते आणि शिंपली सहजासहजी फुटत नाही, ते कसं काय? मी म्हटलं, फुटली असती तर आतला जीव राहिला असता का. तर म्हणे, तेच आई, पण कसं? (मी उठून भात लावायला गेले.) हल्ली रोज संध्याकाळी मोडलेल्या शिंपल्यांचे फोटो मोठे करून दाखवते आणि मलाही बघत बसावं लागतं.

आता झालं काय ते ऐक. गेल्या रविवारी जर्मनीचे एक मोठे प्राध्यापक तिचं काम बघायला आले. जेवण आमच्याकडे, कोळीवाड्यात. तिच्या लॅबची वीज दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून ती आदल्या दिवशी एक बादली घरी घेऊन आली आणि मोरीत ठेवून सकाळी पाहुण्यांना आणायला गेली. बादलीत खारं पाणी आणि त्यात जिवंत तिसऱ्या. ताई, तूच सांग, कोळणीच्या मोरीत खाऱ्या पाण्यात तिसऱ्या ठेवलेल्या दिसल्या तर तिनं काय समजायचं? रेती सोडायला ठेवल्यात, दुसरं काय. पाठीवर नेलपॉलिशचे रंगीत ठिपके होते, ते मला घाण वाटले. घासणीनं घासून काढले आणि ओलं खोबरं घालून सुकं केलं. हात आखडता घेतला नाही, पाहुणा परदेशातला.

साहेबांनी दोनदा मागून घेतलं. चैत्राली वाढत होती, ती मध्येच थांबली. एका शिंपलीवरचा हिरवा ठिपका निघायचा राहिला होता. साहेब तिला विचारत होते, की वर्षभर वाढवलेले नमुने कधी बघायला मिळणार. तिनं शांतपणे सांगितलं, ते तुम्ही खाल्लेत. (इंग्रजीत. पण मला कळलं.) निमेशचे बाबा सोलकढीच्या वाटीत बघत बसले.

साहेबांनी ताटातली शिंपली उचलली, चाटून पुसली, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्याजवळ नेली, आणि मग ती दोघं हात वाळेपर्यंत बोलत राहिली. शिजवलेली शिंपली वेगळ्या तऱ्हेनं मोडते, असं काहीतरी निघालं. मी खरकटी गोळा करायला गेले तर दोघांनी मिळून मला अडवलं. जाताना साहेब तिला म्हणाले, तीन वर्षं आमच्याकडे ये. निमेशही जाणार. ती विचार करून सांगते म्हणाली. मी तिला स्पष्ट सांगितलं, खुशाल जा, माझी मोरी तरी मोकळी होईल.

असो. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
गुणवंती

ता. क. साहेबांना हव्यात त्या तिसऱ्या आपल्याकडच्याच. चैत्राली म्हणाली, एकाच खाडीतल्या, लहानमोठ्या, जिवंत, दर आठवड्याला मिळाल्या तर हे काम इथेही होईल. तुमच्या अर्नाळ्याच्या खाडीतल्या पाठवशील का? मासळीच्या टेम्पोतून, ओल्या गोणपाटात. बर्फ नको, मरतात. मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस. मोरीचं मी उगाच म्हटलं गं. ती गेली तर मला करमणार नाही.

आणखी ता. क. सवयीनं थोड्या खायला म्हणून जास्त घालशील, तर घालू नकोस. निमेशच्या बाबांना सांगितलंय, या घरात आता तिसऱ्या शिजणार नाहीत.