हॅझलकोटचा नकाशा

॥ श्री ॥

प्लेनो, टेक्सास
चैत्र वद्य एकादशी, शनिवार, ४ मे २०२४

चि. गिरिजास शुभाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. आम्ही सगळे खुशाल. परीक्षितचं ऑफिस, नेत्राचं ऑफिस, दोघं दोन गाड्यांनी दोन दिशांना जातात. नैनाचा पुढचा दात पडला. मी म्हटलं, "तुळशीपाशी पुरू या." तर म्हणते, "आजी, नो! टूथ फेअरी कन्फ्यूज होईल." पडलेला दात नेणारी परी असते म्हणे इथे. तुळस थंडीतून वाचली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती म्हणून. आज उपास आहे. खिचडी झाली, देवाचं झालं, ओटा पुसला आणि लिहायला बसले.

तुझ्या विलायतेतल्या खेड्यात, हॅझलकोटला, आता हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांना फुलं आली असतील. लगेच हसू नकोस. तुझी पत्रं सहा वर्षं ऐकतेय, तेव्हा मलाही कळतं काय कधी फुलतं ते. चुना न लावता रचलेल्या दगडी भिंती, त्यांच्यावरचं शेवाळ, दुसऱ्याच्या शेतातून जाणारी पायवाट, कुंपण आलं की चढून उतरायला लाकडी पायऱ्या, आणि ज्याचं शेत तो हटकायचं सोडून "मॉर्निंग" म्हणतो! चर्चची घंटा बुधवारी संध्याकाळी वाजते, कारण बुधवारी वाजवणारे शिकायला येतात. पोस्टातली बाई तुला "गिरीया" म्हणते. सगळं पाठ आहे. चांगलं म्हणून पाठ केलं नाही, खोट काढायला पाठ केलं. शेवाळ म्हणजे ओल, ओल म्हणजे सांधेदुखी. दुकान पाचला बंद. आणि कोथिंबीर मिळत नाही, हे तूच लिहिलंस. तेवढ्यानं माझा एक आठवडा बरा गेला होता.

इथे कोथिंबीर ढीगभर मिळते. पण आणायला कुणीतरी गाडी काढावी लागते. देवळाचंही तेच. आमच्याकडे घरं मोठी, हिरवळ एका उंचीची, रस्ता गुळगुळीत, आणि रस्त्यावर माणूस नाही. मार्चमध्ये मी एकटी चालायला निघाले. पायवाट एका मोठ्या रस्त्यापाशी आपोआप संपली. मी उभी, तर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, हरवलात का, पोलिसांना बोलावू का? परीक्षित म्हणाला, "आई, इथे कुणी वॉक करत नाही गं. लोकांना वाटतं गाडी बंद पडली." मला तुझा राग आला. तुझा काय दोष, पण आला.

हे तुझी पत्रं कशी वाचतात ते तुला माहीत नाही. म्हणजे मी कधी कळवलं नाही. तुझ्या त्या जाड भिंतींच्या घरात फोन लागत नाही, म्हणून तू कागदावर लिहितेस, ते यांना मोठंच भाग्य वाटतं. नाश्त्याच्या टेबलावर मोठ्यानं वाचतात.

मी म्हणते, "अहो, चहा निवतोय."

"थांब गं, ती तळ्यापाशी आलीय."

"तळं काय पळून चाललंय?"

"बदकं पळतील!"

आणि हसतात. या घरात ते तेवढ्यापुरतेच हसतात. फेब्रुवारीत तू लिहिलंस, सकाळी धुकं मेंढ्यांच्या पोटापर्यंत होतं, नुसत्या पाठी नि तोंडं शेतात तरंगत होती. ते वाक्य तीनदा वाचलं. त्याच दुपारी मी सांगितलं की थालीपीठ आज छान खुसखुशीत झालंय, तर "हं." तू बी.ए. झालीस, मी मॅट्रिकवर लग्न केलं. धुकं मीही पाहिलं असतं, पण मला ते असं दिसलं नसतं हे मला कळतं, आणि तेच खुपतं.

सिटी सर्व्हेत जन्मभर जमीन मोजायच्या साखळ्या ओढलेला माणूस. इथे त्यांना मोजायला काही नाही. तुझ्या पत्रांवरून त्यांनी तुझ्या गावाचा नकाशा काढायला घेतला, नैनाच्या शाळेच्या पाठकोऱ्या कागदांना कागद चिकटवून. माझ्या पत्रांत ते प्रश्न असायचे ना, चर्चपासून पोस्ट किती पावलं, पूल डावीकडे की उजवीकडे, ते त्यासाठी. तू प्रत्येक वेळी चालून, मोजून कळवलंस. मी मध्ये बसून तुमची पावलं इकडून तिकडे पोचवत होते.

आता जे लिहायला बसलेय ते लिहिते. एकादशीला माझ्या हातून खोटं उतरत नाही, म्हणून आजचा दिवस धरला.

मार्चमध्ये तुझं पत्र आलं, त्या दिवशी हे परीक्षितबरोबर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. टपालपेटी मी उघडली. तू लिहिलं होतंस, जूनमध्ये दोघं या, लेक रुचा तिकिटं काढते, भावोजींना म्हणावं नकाशा घेऊन या, काय चुकलंय ते बांधावर उभं राहून दुरुस्त करू. मी ते पत्र पोथीच्या बासनात घातलं. तिथे माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. माझ्या हिशोबाच्या वहीत कोथिंबिरीची जुडीसुद्धा लिहिलेली असते, पण त्या दिवशी तुझं पत्र आल्याचं मी लिहिलं नाही. आणि तुला कळवलं की यांचे गुडघे धरलेत, डॉक्टर विमान नको म्हणतात.

गिरिजा, त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.

त्यांना तुझ्या बांधावर हसताना मला बघायचं नव्हतं. मोहनराव गेल्यावर तू एकटीनं ते गाव पायाखाली घातलंस, आणि मी तुझ्याच नशिबावर डोळा ठेवला. देवासमोर बसते तेव्हा हे आठवून मान वर होत नाही.

रामनवमीला मला ताप होता. पूजा यांनी केली. मी खोलीतून म्हटलं, "पोथी राहू द्या." ते म्हणाले, "आजच्या दिवशी खंड नको. मी वाचतो." तापात मला उठवेना. बासन सोडल्याचा आवाज ऐकला. मग बराच वेळ काहीच नाही. मग वाचायला लागले, अगदी सावकाश. संपल्यावर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "वाचून झालं. तू पड."

चौथ्या दिवशी मी बासन उघडलं. गाठ माझी नव्हती. पत्र जागच्या जागी होतं, पण पाकिटावर पिवळं बोट उमटलेलं, गंधाचं.

तेव्हापासून बोलणं नेहमीसारखंच आहे. चहा घेतात, नैनाला पाढे म्हणायला लावतात. फक्त नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवलाय, आणि परवा तुझं पत्र आलं ते मनातल्या मनात वाचून मला दिलं. प्रश्न एकही नाही. रागावले असते तर मी भांडले असते.

आज सकाळी ते गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या मारायला गेल्यावर मी स्टुलावर चढून नकाशा काढला. मला तो कधी नीट बघायचाच नव्हता. तुझं चर्च, तळं, पूल, मेंढ्यांची कुरणं, तीन बाक, तुझं घर, सगळं बारीक पेन्सिलीनं. कोपऱ्यात ते दस्तावर लिहायचे तसं ठळक लिहिलंय: "प्रमाण: शुभाचे एक पाऊल, पावणेदोन फूट."

मागे एकदा त्यांनी मला गॅरेजमध्ये टेप धरून दहा पावलं चालवलं होतं. मी चिडले होते, म्हटलं, "हा काय पोरखेळ!" तुझी आणि माझी उंची एक, म्हणून तुझी पावलं त्यांनी माझ्या पावलांनी धरली. एवढं सगळं गाव, बाई, आणि त्यात चालतेय मी.

नकाशा टेबलावर पसरलाय. त्यावर तुझं ते मार्चचं पत्र ठेवलंय, गंधाची बाजू वर. रुचाला सांग, मावशी खोटं बोलली. जून तुम्हाला अजून जमत असेल तर पुन्हा एकदा बोलाव, आणि पाकिटावर नाव त्यांचं घाल. नसेल जमत तर तसं लिही, मी त्यांना वाचून दाखवीन, मोठ्यानं.

सही करायची थांबले होते. ते आले. बूट काढले, टेबलापाशी उभे राहिले, चष्मा पुसला. मी पाठमोरी, भांडी घासत. म्हणाले, "फाटकापासून तळ्यापर्यंतचं अंतर राहिलंय. तेवढं विचार गिरिजेला."

मी म्हटलं, "नाही विचारणार. मी येऊन मोजीन."

"तुझं पाऊल लहान पडतं."

"तुमचं प्रमाण काय म्हणतं ते बघा आधी!"

पेन्सिल शोधतायत आता. तेव्हा अंतर कळवू नकोस, गिरिजा. माझ्याआधी तेवढं एक तरी मोजून ठेवू नकोस.

अजूनही तुझ्यावर जळणारी,
तुझी सख्खी बहीण,
शुभाताई