स्टिकरपेक्षा तीन कमी

प्रिय श्रीरंग,

तुला पत्र लिहावं असं गेल्या दोन वर्षांत कधी मनात आलं नाही. बोलायचं असलं की मी आपली ओट्याशी उभी राहून बोलते. उलट उत्तर येत नाही, बरं वाटतं! पण आज ओट्याशी उभंच राहवत नाहीये. तुझी लेक आत्ता एडमंटनहून कॅलगरीला निघाली आहे, एकटी, मायनस पंचवीसमध्ये, आणि तिच्या गाडीच्या चाकांत हवा कमी आहे. तुझ्यामुळे. म्हणून लिहितेय, आणि रागावून लिहितेय.

इथे आपल्या मरीन परेडच्या घरी शनिवारची सकाळ आहे, तिच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिस सुटल्यावर निघाली. तिकडे या दिवसांत साडेचारलाच अंधार पडतो म्हणे. तीन तासांचा रस्ता, बर्फ असला तर चारही लागतात. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत मी काय करायचं, सांग ना? दहाच्या ट्यूशनच्या मुलांना नको म्हणून कळवलंय. चहा दोनदा केला आणि दोनदा ओतून दिला.

तुला अर्धवट सांगितलं तर तू म्हणशील, 'वैशाली, तुझं नेहमीचंच, खुट्ट झालं की जीव घाबरा.' म्हणून पहिल्यापासून सांगते.

ईशाने तिकडे जुनी गाडी घेतली, तुझ्या गाडीसारखीच पांढरी. थंडी सुरू व्हायच्या आत विंटर टायर घालून घेतले, तेही दसऱ्याच्या दिवशी! पार्किंगमध्ये चारही टायरना हळदकुंकू वाहिलं, गाडीला हार म्हणून कापडी फुलांची माळ घातली आणि मला फोटो पाठवला. बाजूला कुणीतरी गोरा माणूस कुत्रं घेऊन उभा होता, तोंड उघडं टाकून. मी किती हसले! तू असतास तर तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून त्यांचा जीव नकोसा केला असतास.

इथपर्यंत सगळं छान होतं. काल मात्र तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "आई, डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागतोय, कढईत उद्गारचिन्ह काढल्यासारखा. पण घरी बेसमेंटमध्ये आले की जातो. सो इट्स ओके, लाह." इथलं ते 'लाह' तिकडे जाऊनही सुटलेलं नाही.

अरे, तो हवा कमी झाल्याचाच दिवा! मी विचारलं, "हवा किती ठेवली आहेस?"

"तीस. दाराच्या स्टिकरवर तेहतीस लिहिलंय, त्याच्यापेक्षा तीन कमी. बाबांचा रूल."

बाबांचा रूल! आठवतंय ना? दर रविवारी सकाळी सपाता घालून पेट्रोल पंपावर जायचास, ईशाला बरोबर घेऊन. यंत्रात आकडा टाकायचं काम तिचं. स्टिकरपेक्षा तीन कमी. का, तर ऊन आहे, रस्ता तापतो, हवा फुगते, आधीच जागा ठेवावी. मलाक्कापर्यंत लांब जायचं असलं की आणखी काळजी घ्यायचास. मी शंभरदा सांगितलं असेल की अरे, स्टिकरवरचा आकडा लिहिणाऱ्यांना ऊन माहीत असतं, त्यांनी ते धरूनच लिहिलंय. हवा कमी असली की टायर जास्त चेपतो, जास्त तापतो. फुटतो तो कमी हवेचाच टायर, शहाण्या! पण तुझं ठरलेलं उत्तर: "फिजिक्स मुलांना शिकव, गाडी मला चालवू दे." पालथ्या घड्यावर पाणी.

इथे विषुववृत्ताजवळ ते खपून गेलं. बाराही महिने तीस डिग्री, चोविसावर आलं की लोक स्वेटर शोधतात. पण पोरगी तुझा नियम बॅगेत घालून बर्फात घेऊन गेली, त्याचं काय?

तिच्या इमारतीचं बेसमेंट गरम ठेवतात, पंधरा डिग्रीवर. ही बाई तिथे, तू दिलेल्या त्या छोट्या पंपाने, उबेत उभी राहून तीस भरते. मग शटर उघडतं आणि गाडी मायनस पंचवीसमध्ये जाते. चाळीस डिग्रीचा फरक! हवा आकसते रे, दुसरं काय करणार ती? मी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं, तेवीस-चोवीस आलं. परत मांडलं, परत तेच. घरी आल्यावर दिवा विझतो कारण चाकं पुन्हा गरम होतात, दुखणं बरं झालं म्हणून नाही. हे मी पंधरा वर्षं परक्यांच्या मुलांना शिकवतेय, तापमान उतरलं की दाब उतरतो. आणि माझीच मुलगी!

तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, विंटर टायर झाला तरी आकडा दारावरचाच धरायचा, आणि तो बाहेरच्या थंडीत, गाडी उभी राहून गार झाल्यावर मोजायचा. उबेत भरायची असेल तर वाढवून भर, बाहेर गेल्यावर ती उतरणारच आहे. तर मलाच समजावते, "पण आई, ऑफिसमध्ये एक जण म्हणाला की स्नोमध्ये हवा कमीच बरी, टायर पसरतो, ग्रिप येते." अगं, चिखलात रुतलेली जीप काढायची आहे का तुला? हायवेवर शंभरच्या वेगाने जायचंय! कमी हवेची गाडी वळणावर लोळते, ब्रेक मारला तर ऐकत नाही.

मग माझा तोल गेला. म्हणाले, "बाबांचं चुकत होतं, ईशा. पहिल्यापासून चुकत होतं."

मग ती मराठीत बोलायची थांबली. "यू ऑलवेज हॅव टू करेक्ट हिम. इव्हन नाऊ." आणि फोन ठेवला.

खरं सांगू? मला तुझाच राग आला. ती इथे असताना तुझ्याशी भांडायची, तुझ्या जुन्या शर्टांना हसायची, तुझा एक सल्ला धड ऐकायची नाही. तू गेलास आणि तुझा शब्द न् शब्द पवित्र झाला! माझं खरं असून मी वाईट. अशी कशी रे बाजू घेते तुझी? आणि घ्यायचीच तर या एका गोष्टीतच घ्यायची होती?

रात्रभर तिने मेसेज बघितला नाही. आज सकाळी एक ओळ आली, 'निघतेय, पोचल्यावर सांगते.' हवेबद्दल चकार शब्द नाही. मी लिहिलं, 'भरलीस का?' उत्तर नाही. गाडी चालवताना ती फोन बघत नाही, ही तू लावलेली सवय, आणि ही मात्र चांगली आहे. पण जीव टांगणीला लागलाय त्याचं काय! खाली ईस्ट कोस्टच्या रस्त्यावर गाड्या सुळसुळ चालल्यात, कोरड्या रस्त्यावरून, उन्हात. मला प्रत्येक गाडीचं चाक दिसतंय. डोक्यात नको नको ते येतं. तू होतास तेव्हा काळजी निम्मी निम्मी वाटून घ्यायचो, तुझा वाटा आता कुणाकडे देऊ?

थांब. फोन वाजतोय. तिचाच.

श्रीरंग, घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

तासभर चालवल्यावर गाडी डावीउजवीकडे पोहल्यासारखी वाटली म्हणाली. दिवा लागलेलाच. घाबरली आणि वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर वळली. हवेच्या यंत्रापाशी उभी होती, वारा इतका की शब्द तुटत होते. मी म्हटलं आता 'सॉरी' वगैरे म्हणेल. तिने फक्त विचारलं, "आई, किती?"

मी म्हणाले, "छत्तीस."

"स्टिकर तर तेहतीस म्हणतो."

"तासभर धावून टायर कोमट झालेत, म्हणून तीन वर. उद्या गार झाल्यावर परत मोज. चारही टायर सारखे भर, घाई करू नको. हातमोजे घातलेत ना?"

फोन बहुतेक बॉनेटवर ठेवला असावा. हवा भरल्याचा आवाज येत होता, मध्येच तिचे दात वाजत होते. मी कानाला फोन धरून उभी, एक टायर, दुसरा टायर. चौथा झाल्यावर ती गाडीत बसली, दार लावलं, आणि रडायला लागली. "बाबांनी मला चुकीचं का शिकवलं?"

तुला हरवायची इतकी चांगली संधी मला जन्मात मिळाली नव्हती. काल ज्या तावात होते त्याच तावात चार वाक्यं ऐकवता आली असती. पण मला इथे येण्याआधीचा तो मे महिना आठवला, आपण पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो तो. पुढच्या गाडीचा टायर फाटकन फुटला, ती गरकन फिरून दुभाजकावर चढली, आणि तू आपली गाडी कडेला घेऊन कितीतरी वेळ स्टिअरिंग सोडलं नाहीस. त्या दिवसापासून तू हवा कमी ठेवायला लागलास. ईशाला हे कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी सांगितलं. म्हणाले, "बाळा, त्यांना टायर फुटायची भयंकर भीती वाटायची. त्या दिवशी मागच्या सीटवर तू झोपली होतीस."

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "दिवा गेला, आई. निघते."

अजून दोन तास तरी आहेत. काळजी गेलेली नाही, बर्फ आहे, अंधार आहे, समोरून ट्रक येतात. पण चाकांत हवा पुरेशी आहे, तेवढं तरी मला नक्की माहीत आहे.

तुला एक वचन देते. यापुढे जिथे तुझं चुकलं असेल तिथे मी तिला सांगणार, तू कितीही फुरंगटलास तरी. तिचा जीव तुझ्या मोठेपणापेक्षा मोठा आहे, हे तूही कबूल करशील. पण नुसतं 'चुकलं' म्हणून सोडून देणार नाही. तू तसं का करायचास, तेही दर वेळी सांगेन.

फोनकडे डोळे लावून बसलेली,
तुझी वैशाली