स्क्रूचा पाव फेरा

४ मार्च
सिमेंट कारखान्याच्या चढावर ट्रक पुन्हा पहिल्या गिअरवर आला. मेहुणा त्याचा ट्रक घेऊन मागून आला आणि पुढे गेला, वर हातही केला. मॅनेजर म्हणाला, शनिवारी ट्रायल. भरलेला ट्रक वीस मिनिटांत वर आला नाही, तर माझं वर्षभराचं काम मेहुण्याला. ठरलं. इंजिनाचा डिझेल पंप मी स्वतः ट्यून करणार. स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, डिझेल वाढलं की ताकद.

५ मार्च
मेकॅनिकला सहज विचारलं. म्हणाला, पाव फेरा, त्याहून जास्त नको, आणि आधी एअर फिल्टर बघा. या लोकांना उगाच काम वाढवायची खोड. फिल्टरमधून येते ती हवा. हवेने कधी ट्रक चढलाय?

६ मार्च, दुपारी ३
पंपाचं सील तोडलं. खुणेला बायकोची नेलपॉलिश लावली. पाव फेरा दिला. लगेच फरक जाणवला. आता इंजिन चालू करून बघतो.

दुपारी ४.३०
आणखी पाव. मग आणखी. डिझेलने खूण पुसली गेली. नेलपॉलिश हलकी होती, तसं बायकोला सांगितलं. ती रिकाम्या बाटलीवरच अडून बसली. साधारण दीड फेरा झाला असावा. किंवा दोन.

७ मार्च
काळाकुट्ट धूर! ताकद आत मावेना, म्हणून बाहेर येतेय. दोरीवरच्या चादरी काळ्या झाल्या. मीच धुवायच्या, असा हुकूम आहे. शनिवारनंतर बघू.

८ मार्च, शनिवार
पहिल्या वळणावर टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. काटा बिघडला असावा, म्हणून ट्रक तसाच दामटला. दुसऱ्या वळणावर ट्रक बंद. मेहुण्याने साखळी लावून वर ओढला. एकूण अठरा मिनिटं. ही वेळ धरणार का, असं मॅनेजरला विचारलं. तो सरळ आत गेला.

१० मार्च
इंजिन थोडक्यात वाचलं. मेकॅनिकने स्क्रू मूळ जागी नेला. मग फिल्टर काढून जमिनीवर आपटला. त्यातून घमेलंभर धूळ निघाली. संध्याकाळी मेहुणा घरी आला. बायकोसमोर म्हणाला, "भाऊजी, काम मला मिळालंय, पण एक ट्रक कमी पडतोय. तुमचा लावा, तुम्हीच चालवा. फक्त बॉनेट उघडायचं नाही." विचार करून सांगतो म्हणालो. तोवर बायको हो म्हणून मोकळी झाली होती.

१२ मार्च
मेहुण्याच्या कामावरची माझी पहिली खेप. पंप होता तसाच, फिल्टर तेवढा नवा. भरलेला ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये चौदा मिनिटांत वर. धूर नाही, आवाज नाही. इतकं वाईट आजवर कधी वाटलं नव्हतं.